बसकाकाचं बोट

हिनागिकु बालवाडीच्या पिवळ्या बसमध्ये एकवीस जागा आहेत, आणि तामोत्सु इगाराशी गेली अकरा वर्षं रोज सकाळी त्या एकवीसही जागांना बोट दाखवत आला होता. मुलं उतरली, सोबतच्या बाई त्यांना आत घेऊन गेल्या, की हा एकटा मागे जायचा, एकेका सीटसमोर हात खांद्यापर्यंत उचलायचा, तर्जनी रोखायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "रिकामी, ठीक! रिकामी, ठीक!" आमच्याकडे, त्सुबामे गावात, रेल्वेचा मोटरमन सिग्नलला असंच बोट दाखवून बोलतो, चमच्यांच्या कारखान्यातला माणूस यंत्राच्या बटणाला. डोळा एकटा चुकतो, पण डोळा, बोट आणि तोंड तिन्ही एकदम चुकत नाहीत, असं म्हणतात. तामोत्सुचा यावर इतका विश्वास की घरातून निघताना तो गॅसलाही बोट दाखवायचा. "अहो, मी इथेच उभी आहे, बंद आहे गॅस," बायको, मित्सुए, म्हणायची. मग तो बोट तिच्याकडे वळवायचा. "तू उभी आहेस, ठीक!"

मे महिन्यातली मोठी सुट्टी संपल्यावरचा मंगळवार होता. नऊ वाजता मुलं उतरली, तामोत्सुने एकवीस वेळा बोट दाखवलं, बसला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. साडेदहाला फरशी पुसायला तो पुन्हा बसमध्ये चढला, तर मागून तिसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या जागेवर एक टोपी. निळ्या सीटवर पिवळीधमक टोपी. आत नाव शिवलेलं, कोहारु.

मधल्या वेळात बसमध्ये कोणी आलेलं नव्हतं, येणार कसं, किल्ली त्याच्याच खिशात. म्हणजे दीड तासापूर्वी तो याच सीटसमोर उभा राहिला होता, याच टोपीवर बोट रोखलं होतं आणि खणखणीत आवाजात "रिकामी, ठीक!" म्हणाला होता. आंधळा झालास का रे मेल्या? पण डोळे तर ठणठणीत होते, मार्चमध्येच तपासून घेतले होते. बरं, नशीब नुसती टोपी होती. टोपीखाली डोकं असतं तर?

हा विचार आला आणि त्याला खाली बसावं लागलं. दोन उन्हाळ्यांमागे लांबच्या एका गावात झोपलेलं मूल बसमध्येच राहून गेल्याची बातमी आली होती, आणि ती ऐकल्यापासून या कामातल्या प्रत्येक माणसाने तिचा धसका घेतला होता. हिनागिकुच्या बसमध्ये त्यानंतर शेवटच्या सीटपाशी घंटी बसवली. इंजिन बंद केलं की ती कोकलायला लागते आणि ड्रायव्हर मागे जाऊन बटण दाबेपर्यंत गप्प होत नाही. त्या सकाळीही तामोत्सु मागे गेला होता, बटण दाबलं होतं. सगळं रीतसर केलं होतं, आणि तरी टोपी दिसली नव्हती.

"सीटखाली पडली होती," असं सांगून त्याने टोपी सोबतच्या हात्सुमी बाईंकडे दिली. अकरा वर्षांत बालवाडीत बोललेलं हे त्याचं पहिलं खोटं.

आता कोणीही शहाणा माणूस सरळ डॉक्टरकडे गेला असता. पण भ्यायलेला माणूस कसला शहाणा! डॉक्टरने एखाद्या आजाराचं नाव घेतलं की बस गेली. बस गेली म्हणजे सकाळी दारात उभं राहून "बसकाका, आज मी पुढे बसू?" विचारणारी एकवीस तोंडं गेली. वय सत्तावन्न. मग दिवसभर करायचं काय, मित्सुएच्या मागे मागे फिरून फ्रिजला बोट दाखवायचं? डॉक्टरला टाळायचं होतं आणि खरं काय तेही कळायला हवं होतं, म्हणून या गड्याने भलतीच परीक्षा शोधून काढली. तो 'ओनियामा'कडे वळला.

ओनियामा हा राक्षसांच्या झुंजीचा व्हिडिओ गेम. सहा वर्षांपूर्वी बसमधली मुलं त्यावरून रोज भांडायची आणि याला ओ की ठो कळायचं नाही. "बसकाकांना इशिगामे माहीत नाही!" असं म्हणून पाच वर्षांचं एक पोर इतकं हसलं की हा त्याच संध्याकाळी गेम घेऊन आला. ती मुलं शाळेत गेली, मोठी झाली, त्यांना दुसरे नाद लागले. काका मात्र राक्षसांत अडकले ते अडकलेच. दर गुरुवारी संध्याकाळी वाकुइंच्या खेळण्यांच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, घडीची टेबलं मांडून आमच्या त्सुबामेतले सगळे ओनियामावाले जमतात. पंचवीस-तीस जण, त्यांत सगळ्यांत म्हातारा हा.

ओनियामात एकूण सहाशे बारा राक्षस. प्रत्येकाने त्यांतले सहा निवडायचे, त्यांतले दोन-दोन मैदानात उतरवायचे. प्रत्येकाच्या वेगाचा एक आकडा असतो आणि तो पडद्यावर दिसत नाही. कोण आधी मारणार हे त्या आकड्यावर ठरतं, आणि आकडा डोक्यात असलेला माणूसच जिंकतो. तामोत्सुला सहाशे बाराच्या सहाशे बारा आकडे पाठ होते. म्हणून त्याने स्वतःशीच पैज लावली. जूनमधल्या जिल्हा स्पर्धेत उतरायचं. तिथे डोकं नीट चाललं, तर टोपीचं विसरून जायचं आणि बस चालवायची. नाही चाललं, तर दुसऱ्या दिवशी किल्ली परत. एकवीस मुलांच्या जिवाचा फैसला खेळावर टाकणारा माणूस हा एकटाच असेल, पण त्याला खरंच दुसरं काही सुचलं नाही.

टीम बांधायला बसली नाओ कासुगा. ही सव्वीस वर्षांची पोरगी दातांच्या दवाखान्यात काम करते, आणि दिवसभर तोंड उघडं ठेवलेल्या माणसांशी बोलून बोलून हिची जीभ अशी झालीय की समोरच्याला उत्तराची जागाच देत नाही. पण टीम बांधण्यात तिचा हात धरणारा त्सुबामेत कोणी नाही.

"काका, हे काय आणलंय?" तामोत्सुची यादी बघून ती म्हणाली. "सहाच्या सहा मारकुटे? ही टीम आहे की दारू पिऊन आलेलं वऱ्हाड?"

"मारलं की संपलं ना झटपट."

"आणि समोरच्याने आधी मारलं तर? ऐका. एक मारणारा, एक मार खाणारा, एक समोरच्याला खोळंबवणारा, एक पडलेल्याची जागा घेणारा. तुमचा होमुशी पाण्याला घाबरतो ना, मग शेजारी पाणी पिऊन टाकणारा नुमाबो हवा. नुमाबो मंद आहे, मग त्याच्यासाठी ओबोरो हवा, उलटी वाट टाकायला."

उलटी वाट ही ओबोरो नावाच्या धुक्याच्या राक्षसाची विद्या. ती टाकली की चार चाली सगळं उलटं होतं, मंद राक्षस आधी मारतात आणि चपळ मागे राहतात. पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा बाणही उलटा फिरतो. यात एकच मेख आहे. वाट उलटी असताना ओबोरोने तीच विद्या पुन्हा वापरली, तर वाट लगेच सरळ होते.

चार गुरुवार दोघं बसले. हा भिडू काढ, तो घाल, याचा वेग एका आकड्याने वाढव, त्याचं बळ कमी कर. तिसऱ्या गुरुवारी नाओने पेन्सिल टेबलावर आपटली. "काका, अजूनही सगळं एकट्या ओबोरोवर उभं आहे. तो पडला की बाकीचे पाच उघडे. जिच्यात एकाच्या चुकण्याने सगळे मरतात, ती टीम नव्हे."

"मग दुसरा उलटी वाट टाकणारा कोण आहे?" तामोत्सुने विचारलं.

नाओने मान वर केली. "काका, आत्ताच सांगितलं की. पाच मिनिटं नाही झाली. विचार करताय की झोपलाय?"

टेबलावरचे सगळे हसले, तामोत्सुही हसला. खरंच सांगितलं होतं? त्याला आठवत नव्हतं. घरी जाताना सायकलवर त्याने सहाशे बारा आकडे पहिल्यापासून म्हणून बघितले. एकही चुकला नाही. तेवढ्यावर तो दारापर्यंत पोचला, पण जेवताना घास घशाखाली उतरेना. मित्सुएने समोर त्याची आवडती, वर तेलाचा थर असलेली, तिखट-खारट रश्शातल्या शेवयांची वाटी ठेवली होती. "अहो, तुमचं लक्ष कुठे असतं हल्ली?" तिने विचारलं. हा नेहमीचाच प्रश्न, बायका विचारतात तसा, पण याने चमकून असं बघितलं की तीच घाबरली.

बसमध्येही आता निराळंच सुरू झालं होतं. एकवीस जागा बघून तो खाली उतरायचा आणि दाराशी पोचेपर्यंत मनात यायचं, बघितल्या का रे? बघितल्याच असणार, आवाज कानात अजून होता. पण सीट बघितली होती, की स्वतःचा आवाज नुसता ऐकला होता? मग परत वर. पुन्हा एकवीस. पुन्हा दाराशी तोच प्रश्न. एका सकाळी तो सहा वेळा वर चढला. हात्सुमी बाई खिडकीतून बघून हसल्या, "काय बसकाका, व्यायाम का?" "हो, पोट सुटलंय," तो म्हणाला. कपाळावरून घाम निथळत होता.

स्पर्धा नीगाता शहराच्या सभागृहात, रविवारी, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. एकशे अठ्ठावीस खेळाडू. तामोत्सु इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता, दारावरच्या स्वयंसेवकाने त्याला "पालकांची जागा त्या बाजूला" म्हणून सांगितलं. नाओ एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली.

पहिला डाव सुरू झाला. त्याने सवयीप्रमाणे पडद्याला बोट दाखवलं, पुटपुटला, "समोर हायागिरी, वेग एकशे सव्वीस, ठीक! माझा होमुशी, एकशे सत्तावीस, ठीक!" आणि मारलं. एका आकड्याने तो आधी होता. समोरचा राक्षस पडला. दुसरा डाव, तिसरा, चौथा. एकही आकडा चुकला नाही, एकही चाल चुकली नाही. शेजारच्या टेबलांवरची पोरं या बोट दाखवणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघून आधी खुसखुसत होती, दुपारनंतर तीच मागे येऊन उभी राहायला लागली. तामोत्सुच्या जिवात जीव आला. महिन्याभरात पहिल्यांदा त्याने भाताचा त्रिकोणी गोळा चव घेत खाल्ला आणि नाओला म्हणाला, "मी ठीक आहे गं. मी अगदी ठीक आहे."

"तुम्ही ठीक नाही, तुम्ही भयंकर आहात," नाओ म्हणाली. "अंतिम फेरीत आलोय काका आपण!"

अंतिम फेरीत समोर सेगावा नावाचा विद्यापीठातला मुलगा होता. गेल्या वर्षीचा विजेता, शांत, डोळ्यांवर केस. डाव मोठ्या पडद्यावर दिसत होता, एक माणूस माइकवरून बोलत होता. एक डाव याने जिंकला, एक त्याने. तिसऱ्यात तामोत्सुने पहिल्याच चालीला उलटी वाट टाकली. कोपऱ्यातला बाण फिरला. मंद नुमाबोने उलट्या वाटेवर आधी मारलं, सेगावाचा एक पाडला, मग स्वतः पडला. त्याच्या जागी तामोत्सुने चपळ होमुशी आणला. अजून दोन चाली वाट उलटीच राहणार होती.

आणि इथे तामोत्सुने हात उचलला, कोपऱ्यातल्या बाणावर बोट रोखलं आणि म्हणाला, "वाट सरळ, ठीक!"

मग त्याने ओबोरोला उलटी वाट टाकायला सांगितलं. पहिल्यांदाच टाकतोय अशा समजुतीने. आपल्या बेतातलं पहिलं काम अजून व्हायचंय, असं त्याला मनापासून वाटत होतं.

त्याच चालीला सेगावाने आपला चपळ राक्षस मागे घेतला होता आणि सगळ्यांत मंद इशिगामे, दगडाचं ते अवाढव्य कासव, मैदानात आणला होता. बरोबरच होतं त्याचं. वाट अजून उलटी राहणार, म्हणजे कासव आधी मारणार. पण ओबोरोची विद्या पडली आणि पडद्यावर अक्षरं आली, 'वाट सरळ झाली'. कासव उन्हात पडल्यासारखं मैदानाच्या मधोमध, सगळ्यांच्या मागे. पुढच्या चालीला होमुशीने आधी मारलं. कासव गेलं आणि कासवाबरोबर डावही गेला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. माइकवरचा माणूस ओरडत होता, "कासव आत येणार हे ओळखून वाटच मिटवली! अशी चाल मी आजवर बघितली नाही!" सेगावाने उठून कमरेत वाकून नमस्कार केला. "मी हरलो. तुम्ही माझं मन वाचलंत." नाओ खुर्च्यांवरून उड्या मारत येत होती.

तामोत्सु पडद्याकडे बघत होता. 'वाट सरळ झाली.' झाली? म्हणजे आधी उलटी होती? कोणी केली? मीच? त्याने आठवायचा प्रयत्न केला. नुमाबो पडलेला आठवत होता. होमुशी आणलेला आठवत होता. सुरुवातीची ती चाल जिथे असायला हवी तिथे काहीच नव्हतं, स्वच्छ, पुसून घेतल्यासारखं. सहाशे बारा आकडे जागच्या जागी होते आणि तीन मिनिटांपूर्वी स्वतःच्या हाताने केलेलं काम गेलं होतं. त्याच्या गळ्यात पदक घातलं तेव्हा त्याचे दात एकमेकांवर वाजत होते. लोकांना वाटलं, म्हातारा आनंदाने थरथरतोय.

पैज तो हरला होता आणि हे त्याच्या एकट्याखेरीज जगात कोणालाही माहीत नव्हतं.

सोमवारी किल्ली परत द्यायची होती. सोमवारी सकाळी बालवाडीच्या दारात पालकांबरोबर पायी येणारी सगळी मुलं सोनेरी कागदाचं पदक घेऊन उभी होती, आणि मुख्याध्यापिका मुराकोशी बाई पेपरातलं कात्रण फळ्यावर लावत होत्या. "आमचे बसकाका म्हणजे काय समजलात!" त्या पालकांना सांगत होत्या. "सत्तावन्नाव्या वर्षी असं डोकं! अशा माणसाच्या हातात मुलं आहेत म्हणून आम्ही निर्धास्त." त्या निर्धास्त शब्दाने तामोत्सुची पाचावर धारण बसली. त्याने नमस्कार केला, बस काढली. मंगळवारीही काढली. बुधवारीही. रोज सकाळी आरशात मागची डोकी मोजायची आणि आकडा ओठांवर असतानाच तो खरा की कालचा, अशी शंका यायची. एवढी भीती त्याला आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती, भूकंपाचीसुद्धा नाही.

आमच्या ओनियामावाल्यांत एक रीत आहे. स्पर्धा जिंकली की टीम लपवायची नाही. कोणता भिडू का घेतला, वेग किती ठेवला, कोणती चाल का केली, सगळं लिहून सगळ्यांसाठी खुलं करायचं. गुरुवारी नाओ ते लिखाण घेऊनच दुकानात आली. "टीमचं मी लिहिलंय. आता फक्त ती चाल राहिलीय. सगळे त्याचीच वाट बघतायत. त्यामागचा विचार तुमच्या शब्दांत चार ओळी सांगा."

"विचार नव्हता," तामोत्सु म्हणाला.

"पुरे झाला विनय. काका, सेगावाने स्वतः मला निरोप पाठवलाय."

"नाओ-सान, वाट उलटी आहे हेच मला माहीत नव्हतं. मी टाकली होती ते विसरलो होतो."

ती हसली. मग त्याचं तोंड बघून थोडं कमी हसली. "दमला असाल. सातवी फेरी होती."

"डाव लाव," तो म्हणाला. "मोठ्या पडद्यावरचा नको. माझ्यावर बाजूने रोखलेला कॅमेरा होता ना, तो."

तिने फोनवर लावला. चेहरा, उचललेला हात, रोखलेलं बोट, समोर पडद्याच्या कोपऱ्यात उलटा बाण, आणि हलणारे ओठ. आवाज बारीक होता पण स्पष्ट होता. वाट सरळ, ठीक. नाओने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. नाओ कासुगा गप्प बसलेली वाकुइंच्या दुकानात कोणी पाहिली नव्हती.

"बोट बाणावरच आहे," ती शेवटी हळूच म्हणाली.

"हो."

"आणि तोंड भलतंच बोलतंय."

"बसमध्येही मी असंच करतो," तामोत्सु म्हणाला, आणि मग टोपीपासूनचं सगळं त्याने सांगून टाकलं. सांगताना तो रडला. शेजारच्या टेबलावरच्यांनी खेळ थांबवला, वाकुइंनी येऊन न विचारता चहा ठेवला.

"उद्या मी येते तुमच्याबरोबर," नाओ म्हणाली. "तुम्ही एकटे गेलात तर मुख्याध्यापिका बाई विश्वास ठेवणार नाहीत. पदक बघतील."

शुक्रवारी सव्वानऊला, सकाळची फेरी आटपून तामोत्सु मुराकोशी बाईंच्या खोलीत गेला. दवाखान्यातून तासाभराची सुट्टी काढून नाओ आली होती. आणि अगदी तसंच झालं. बाई ऐकत होत्या आणि हसू दाबत होत्या. "इगाराशी-सान, माझ्या मैत्रिणींची नावं मी विसरते. तुम्हाला सहाशे राक्षस पाठ आहेत! आणि समजा चुकलंच काही, तर घंटी आहे की."

"घंटी मला मागे नेते, बाई. बघायला लावत नाही."

"हात्सुमी बाई मोजतात उतरताना."

"त्या म्हणतात, मागून बसकाका बघतातच. वर्गातल्या बाई म्हणतात, बसमधून सगळी आलीच असणार. सगळे माझ्यावर टेकलेत. आणि मी कशावर टेकू?"

नाओने फोन टेबलावर ठेवला. राक्षसांचं काहीच समजावलं नाही. एवढंच म्हणाली, "हा बाण उलटा आहे, हे बघा. आता काका त्याला बोट दाखवून काय म्हणतात ते ऐका."

बाईंनी ऐकलं. ओनियामातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण ते बोट त्या अकरा वर्षं रोज खिडकीतून बघत आल्या होत्या. तोच खांद्यापर्यंत उचललेला हात, तोच 'ठीक'. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी डाव पुन्हा लावायला सांगितला नाही.

बाहेर अंगणात ऊन चढत होतं, बस कुंपणाशी उभी होती, काचा बंद.

"आज सकाळी," बाई म्हणाल्या, "आज सकाळी बघितल्यात ना जागा? सगळ्या?"

तामोत्सुने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. एकवीस वेळा म्हटलेलं 'रिकामी, ठीक' त्याला स्पष्ट आठवत होतं, आवाजासकट. सीट एकही आठवत नव्हती.

"बघितल्या असं मी म्हणालो," तो म्हणाला.

बाई उठल्या. त्यांनी खुर्ची सारली नाही, ती मागे पडली. दारात बूट बदलायलाही त्या थांबल्या नाहीत, घरातल्या चपलांनीच अंगणात उतरल्या आणि पळायला लागल्या. साठीची बाई, वाळूच्या खड्ड्यातून, फुलांच्या कुंड्यांवरून. त्यांच्यामागे नाओ. त्यांच्यामागे तामोत्सु, किल्ली हातात, पण ती कुलपात जाईना. नाओने ती हिसकावून घेतली आणि दार उघडलं.

बाई आत चढल्या. तामोत्सु खालीच उभा राहिला, त्याची वर जायची हिंमत झाली नाही. सीटवर हात फिरल्याचे आवाज येत होते. एक, मग दुसरी, मग खाली वाकल्याचा, गुडघे टेकल्याचा. त्याने डोळे मिटून घेतले होते. बाई बऱ्याच वेळाने दारात आल्या. घामाने केस कपाळाला चिकटलेले, चेहरा पांढराफटक.

"रिकामी आहे," त्या म्हणाल्या.

तामोत्सु तिथेच पायरीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. बाई खाली उतरल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दोन पावलं बालवाडीकडे चालल्या, थांबल्या, वळून बसकडे बघितलं, आणि पुन्हा वर चढल्या.